फिजिक्स कच्चं नव्हतं: लातूरच्या एका नीट विद्यार्थिनीचं प्रकरण

ही मुलगी माझ्याकडे आली ती केसांसाठी. केस मूठमूठ गळतात म्हणून आईनं तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं होतं. त्यांनी तपासलं, डोक्याच्या त्वचेला काही झालेलं नाही असं सांगितलं आणि ‘आधी हिचं खाणंपिणं बघा’ अशी चिठ्ठी देऊन आमच्या ओपीडीत धाडलं. मी आहारतज्ज्ञ आहे. लातूरमध्ये किशोरवयीन मुलामुलींच्या ओपीडीत बालरोगतज्ज्ञांच्या जोडीनं काम करते. सोबत वडील आले होते. केसांचा विषय त्यांनी एका वाक्यात उरकला आणि स्वतःची काळजी पुढे ठेवली. “मॅडम, पोरीचा फोकसच राहिला नाही बघा. बुद्धीचं काही टॉनिक असलं तर लिहून द्या.”

हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण यात अपवाद म्हणावं असं फारसं काही नाही. अशा मुली दर हंगामात येतात. फक्त हिच्या बाबतीत सगळे कागद जागेवर होते, त्यामुळे काय, कधी आणि कशामुळे बिघडलं हे नीट दिसलं. मुलीची आणि आईवडिलांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगी सतरा वर्षांची, बारावीत. गाव जिल्ह्यातलंच. घरची पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत. पाचवीच्या आणि आठवीच्या, दोन्ही शिष्यवृत्ती परीक्षांत ती गुणवत्ता यादीत आली होती. दहावीला ९८.४० टक्के. गुरुजींनी शिकवायच्या आधीच पुढचा धडा वाचून बसणारी, गणिताची रीत एकदा बघितली की दुसऱ्यांदा न विचारणारी. अशा मुलीला गावात सगळे एकच वाट दाखवतात, आणि ती वाट ‘नीट’च्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, तयारीसाठी लातूरला येते. दहावी झाल्यावर जूनमध्ये ती ट्यूशन एरियातल्या एका खोलीवर राहायला आली. खोलीत आणखी दोन मुली, जेवायला मेसचा डबा.

अकरावीचे पहिले सहा महिने ती क्लासच्या सगळ्यात वरच्या बॅचमध्ये होती. जानेवारीपासून मार्क उतरायला लागले, विशेषतः फिजिक्सचे. मग जे सगळीकडे होतं तेच झालं. खालच्या बॅचमध्ये टाकलं. वडिलांनी स्मार्टफोन काढून घेतला आणि बटनाचा फोन दिला. फिजिक्सचा जादा क्लास लावला. तो संध्याकाळी असल्यामुळे रोजचा अभ्यास रात्री सरकला, आणि झोप साडेचार तासांवर आली. क्लासमध्ये समुपदेशनाच्या नावाखाली एक तास ‘जिद्द ठेवा’ असं सांगणारं व्याख्यान झालं. यातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. वडिलांनी जादा क्लासची फी कशी जमवली ते मला नंतर कळलं, आणि ऐकून पोटात तुटलं. पण या साऱ्या उपायांचं गृहीत एकच होतं: मार्क कमी आले म्हणजे मेहनत कमी पडली. आठ महिने कुणी तिचं वजनसुद्धा केलं नव्हतं.

ओपीडीत वजन भरलं ४३ किलो, उंची १५८ सेंटिमीटर. अकरावीच्या प्रवेशावेळच्या वैद्यकीय दाखल्यावर वजन ४७ होतं.

दिवसाचं खाणं

आम्ही आदल्या दिवशीचं खाणं उठल्यापासून झोपेपर्यंत विचारतो. “नॉर्मल खाते” या उत्तरावर थांबत नाही. वाटी, चमचा, पोळी समोर ठेवून मोजून घेतो.

पहाटे साडेपाचला चहा आणि चार बिस्किटं. साडेसहाला क्लास. साडेअकराला खोलीवर परत, तेव्हा डबा दाराला टांगलेला. त्यात तीन पोळ्या, बटाट्याचा रस्सा, वरण, भात. पोळ्या पहाटे केलेल्या, तोवर चिवट झालेल्या, खाल्ली दीड. वरण-भात एक वाटी. लगेच चहा, कारण जेवल्यावर झोप येते आणि झोपायचं नाहीये. साडेचारला चहा आणि एक सामोसा. रात्री नऊचा डबा उघडला, वास घेतला, दोन घास भात लोणच्याशी खाल्ला आणि झाकण लावलं. साडेअकराला केटलमध्ये मॅगी, साडेबाराला कॉफी. एकला झोप.

यात हिरवी भाजी नाही, उसळ नाही, फळ नाही, दूध चहापुरतं. हिशेब केला तर साधारण १,४०० किलोकॅलरी आणि ९ ते १० मिलीग्रॅम लोह. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १६ ते १८ वयाच्या मुलीला दिवसाला २,५०० किलोकॅलरी, ४६ ग्रॅम प्रथिनं आणि ३२ मिलीग्रॅम लोह लागतं. आणि जे थोडं लोह पोटात जात होतं त्याच्यावर प्रत्येक वेळी चहा. चहातली टॅनिनं वनस्पतिजन्य अन्नातलं लोह बांधून ठेवतात, ते आतड्यातून रक्तात फारच कमी जातं. जेवणानंतर लगेचचा चहा ही आपल्याकडे इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे की तिच्यात काही बिघडत असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

पाण्याचं विचारलं तर म्हणाली, “क्लासच्या वेळेत पीत नाही मॅडम.” का, तर मुलींच्या स्वच्छतागृहासमोर मधल्या सुट्टीत रांग लागते, आणि परत येईपर्यंत पुढचा तास सुरू झालेला असतो. पहाटे साडेपाचपासून साडेअकरापर्यंत फक्त एक कप चहा.

जेवण का सोडतेस, असं विचारल्यावर ती म्हणाली, “वेळ कुठंय?” हुशार मुलांच्या तोंडी हे उत्तर मी वारंवार ऐकते. त्यांनी दिवसाचे तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक तुकड्याला एक प्रकरण नेमून दिलेलं असतं, आणि जेवणाचा तुकडा त्यांना कापता येण्याजोगा वाटतो. वजन कमी करायचं आहे का, आरशात बघून काय वाटतं, मुद्दाम उपाशी राहतेस का, हेही विचारावं लागतं, आणि आडून नाही, सरळ. तिच्या बाबतीत तसं काही नव्हतं. मन उदास असतं का, जगणं नको वाटतं का, हेही डॉक्टरांनी विचारलं. “कंटाळा येतो, रडू येतं, पण तसं नाही,” असं तिनं सांगितलं. तरीही समुपदेशक ताईंची वेळ त्याच आठवड्यात घेतली.

कंपास पेटीत काय होतं

किशोरवयीन मुलांशी अर्धी मुलाखत पालकांना बाहेर बसवून घ्यायची, हा आमच्या ओपीडीचा नेम आहे. वडील असताना मी विचारलं होतं, माती, खडू, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं का. तिच्याआधी वडीलच म्हणाले, “छे मॅडम, ती काय बारकी हाय का आता?” ते बाहेर गेल्यावर तिनं दप्तर उघडलं, कंपास पेटी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. कर्कटक नाही, कोनमापक नाही. पेटी भरून पाटीवरच्या पेन्सिली. काही अख्ख्या, काही दातानं तोडलेल्या, खाली पांढरा भुगा. दिवसाला पाच-सहा होतात म्हणाली. चवीपेक्षा वास आवडतो, पहिल्या पावसाच्या मातीसारखा. रूममेटना वाटायचं, पेन चावण्यासारखी ही सवय आहे.

खाण्याजोग्या नसलेल्या वस्तूची अशी ओढ हे शरीरातलं लोह आटल्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. रक्ताचा अहवाल यायच्या आधीच तो काय येणार याचा अंदाज आम्हाला आला.

मग पाळीबद्दल विचारलं. पाळी आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात. रविवारी टेस्ट आली की ती दोन पॅड एकावर एक लावून बसायची आणि तीन तास बाकावरून हलायची नाही. हे कुणाला सांगितलंस का? आईला सांगितलं होतं. आई म्हणाली होती, “माझंबी असंच असतंय, आपल्यात असंच.”

हिमोग्लोबिन ८.९ ग्रॅम प्रति डेसिलीटर आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार या वयाच्या मुलीचं ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय, आणि ८ ते १०.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय. तांबड्या पेशी आकारानं लहान. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ५, म्हणजे साठा संपलेला. बी-१२ कमी. थायरॉईड ठीक. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आनुवंशिक रक्तदोषाचा सौम्य प्रकार, नाही. रक्त गोठण्याच्या तपासण्याही ठीक निघाल्या. पाळीत एवढा रक्तस्राव असेल तर त्या कराव्याच लागतात, कारण काही मुलींमध्ये मूळ दोष तिथे असतो.

आकडा ऐकून वडील गप्प झाले. मग म्हणाले, “पण मॅडम, ती तर टॉपर होती.”

फिजिक्स

हा प्रकरणाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

मी तिला सगळ्या टेस्टचे निकाल आणायला सांगितले. ती फाईल घेऊन आली, तारखेवार लावलेली, प्रत्येक पेपरच्या मागे तिच्याच अक्षरात चुकांचं वर्गीकरण. नीटच्या पेपरात १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात: बायोलॉजीचे ९० प्रश्न, केमिस्ट्री आणि फिजिक्सचे प्रत्येकी ४५. तिच्या फाईलमध्ये बायोलॉजी जवळपास जागेवर होतं, केमिस्ट्री थोडी घसरली होती, फिजिक्स कोसळलं होतं. ऑगस्टमधल्या एका टेस्टमध्ये बायोलॉजी ३६० पैकी ३१८, केमिस्ट्री १८० पैकी ११८, फिजिक्स १८० पैकी ६२. एकूण ४९८. हे बघून कुणीही म्हणेल की फिजिक्स कच्चं आहे. क्लास तेच म्हणत होता, वडील तेच म्हणत होते, आणि तीसुद्धा तेच म्हणत होती.

मी विचारलं, पेपर कुठून सुरू करतेस? “आधी बायो, मग केमिस्ट्री, फिजिक्स शेवटी. सगळे तसंच करतात.” म्हणजे फिजिक्सची पाळी यायची ती पेपरच्या शेवटच्या तासात. चुकलेले प्रश्न बघितले तर निम्म्याहून जास्त ठिकाणी सूत्र बरोबर होतं, मांडणी बरोबर होती. चूक होती ती एकक बदलायचं राहिलेलं, उणे चिन्ह गाळलेलं, किंवा ‘अयोग्य विधान ओळखा’ असं विचारलेलं असताना योग्य विधानाचा गोळा उत्तरपत्रिकेत रंगवलेला. तेच प्रश्न मी तिला सकाळी, नाश्ता झाल्यावर, कोऱ्या कागदावर सोडवायला दिले. बहुतेक सगळे सुटले.

तिच्या फिजिक्सच्या सरांना मी फोन केला. अकरावीत त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि तिला विषय येत नाही हे त्यांच्या मनाला कधी पटलंच नव्हतं. पुढच्या रविवारी तिला पेपर उलटा सोडवू द्या, आधी फिजिक्स आणि शेवटी बायोलॉजी, अशी विनंती केली. ते लगेच हो म्हणाले. निकाल आला: फिजिक्स १०८, केमिस्ट्री ११२, बायोलॉजी २६२. एकूण ४८२, म्हणजे बेरीज साधारण तेवढीच. पण घसरण फिजिक्सवरून उठून बायोलॉजीवर जाऊन बसली होती. एका पेपरवरून काही ठरवता येत नाही, म्हणून सरांनी त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच करायला लावलं. पुन्हा तेच.

म्हणजे कच्चा विषय कोणताच नव्हता. शेवटच्या तासाला पुरेल एवढं बळच अंगात उरत नव्हतं.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीर स्वस्थ बसलेलं असताना लागणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. लोह फक्त रक्तासाठी लागत नाही. लक्ष टिकवण्याशी जोडलेली मेंदूतली रसायनं बनवायलाही ते लागतं. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये झालेला एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या किशोरवयीन मुलींचं हिमोग्लोबिन ठीक होतं, फक्त लोहाचा साठा कमी होता. लोहाच्या गोळ्या दिल्यावर शब्द शिकण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या चाचणीत त्यांची कामगिरी न दिलेल्या मुलींपेक्षा चांगली झाली. रक्तक्षय व्हायच्या आधीच ही गत, तर ८.९ ला काय होत असेल?

प्रश्न उरतो तो असा की हे कळायला इतके महिने का लागले. माझं स्पष्ट मत आहे: ती हुशार होती म्हणून. साधारण मुलीला वर्गात झोप लागली, उत्तर येईनासं झालं, तर कुणीतरी म्हणतं, हिला बरं नाही का? हुशार मूल मात्र कमी झोपेवर, अर्ध्या पोटी, नुसत्या आकलनाच्या आणि स्मरणशक्तीच्या जोरावर बरेच दिवस पुढे राहतं. वजन उतरत असतं, केस गळत असतात, जिना चढताना धाप लागत असते, आणि टेस्टचा निकाल ‘सगळं ठीक आहे’ असं सांगत असतो. मार्क सगळ्यात शेवटी पडतात. आणि पडल्यावर तर्क होतो तो असा, की हिला जमतं हे आपण पाहिलंय, म्हणजे आता ही करत नाहीये.

यामागे एक जुना समजही आहे: हुशार मूल धडधाकटच असतं. १९२१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रखर बुद्धीच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यात दीड हजारांवर मुलं आली. हुशार मूल म्हणजे किडकिडीत, आजारी आणि चष्मेवालं, ही तोवरची समजूत त्यांनी खोडून काढली; त्यांची मुलं सरासरीनं अधिक धडधाकट निघाली. पण ती बहुतेक शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतली होती. बुद्धीमुळे प्रकृती राखली जाते असं त्यातून निघत नाही. मराठवाड्यातल्या खेड्यातून एका खोलीत येऊन पडलेल्या मुलीला ते लागूच होत नाही.

उपाय

औषधोपचार बालरोगतज्ज्ञांनी ठरवले: लोहाची गोळी दिवसाला एक, लिंबूपाण्यासोबत, चहा-दुधापासून दोन तास लांब. बी-१२. जंताची गोळी. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारं औषध सुरू केलं. हे केलं नसतं तर फुटक्या रांजणात पाणी भरल्यासारखं झालं असतं.

वडिलांचा पहिला प्रश्न होता, गोळ्यांऐवजी बीट, डाळिंब, खजूर, गूळ दिलं तर चालणार नाही का. मी स्पष्ट नाही म्हटलं. हे सगळं खावं, पण साठा पूर्ण आटलेला असताना अन्नावर तो भरायला बसलं तर तिची ‘नीट’ची परीक्षा होऊन जाईल. बीट आणि डाळिंब लाल असतात, म्हणून त्यांनी रक्त वाढतं हा समज पक्का बसलाय. प्रत्यक्षात त्यांत लोह फार थोडं असतं. हाळीव, तीळ, मटकी, मसूर, हरभरा यांत त्याहून कितीतरी जास्त. पुन्हा साठा आटू नये म्हणून अन्न, आणि आत्ता भरण्यासाठी गोळी, एवढी विभागणी मी त्यांना समजावली.

अन्नाचा प्रश्न मेसवर येऊन थांबत होता, म्हणून मी मेसच्या काकूंना भेटायला गेले. त्या आणि दोन बायका मिळून रोज दीडशेच्या आसपास डबे भरतात. कामाची बाई म्हणजे काय ते तिथे बघावं. मला वाटलं होतं, उसळी आणि भाकरी का देत नाही असं विचारल्यावर त्या चिडतील. त्या म्हणाल्या, “देत होते की. पोरं भाकरी तशीच वापस पाठवतात. मग मी तरी कशाला थापू?” पोळी चिवट का होते, तर साडेअकराचा डबा सकाळी सातला भरावा लागतो, कारण डबे वाटणारा पोरगा एकच. भाज्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात का, तर लोखंडी कढईत पालेभाजी काळी पडते आणि मुलं ‘जळकी भाजी’ म्हणून तक्रार करतात. कढई माळ्यावर होती. त्यांनी ती काढून दाखवली. दोन माणसांनी उचलावी एवढी मोठी.

बोलून ठरलं ते असं. आठवड्यातून तीन दिवस मोड आलेली मटकी, मसूर किंवा हरभऱ्याची उसळ. उसळ आणि पालेभाजी लोखंडी कढईत. प्रत्येक डब्यात लिंबाची फोड, कारण क जीवनसत्त्व सोबत असलं की लोह जास्त शोषलं जातं. पिठल्याच्या दिवशी भाकरी, पण पातळ आणि लहान. काकूंनी स्वतःहून एक गोष्ट जोडली: सकाळच्या डब्यात पोळीऐवजी कधी सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, वर भरपूर शेंगदाणे घालून. तो डबा परत येत नाही, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. भाव एक रुपयानंही वाढला नाही.

भाकरीबद्दल थोडं विस्तारानं सांगते, कारण त्यात आपल्या राज्याचं काम आहे. इक्रिसॅट ही हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून लोहाचं प्रमाण जास्त असलेला बाजरीचा ‘धनशक्ती’ हा वाण पुढे आणला. अशा जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी महाराष्ट्रातल्या ग्रामीण शाळांमधल्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना काही महिने देऊन बघितली गेली. ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची कमतरता होती त्यांची ती साध्या बाजरीपेक्षा जास्त प्रमाणात भरून निघाली, आणि यातल्या काही मुलांच्या चाचण्या घेतल्या तेव्हा लक्ष आणि स्मरण यांतही फरक दिसला. 

सकाळचा चहा बंद करायला मी सांगितलं नाही. ते टिकलं नसतं. साडेपाचला आधी मूठभर फुटाणे, गूळ आणि एक केळ, चहा क्लासहून आल्यावर जेवणाच्या तासभर आधी. दिवसात दोन कप, संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नाही. आई दर शनिवारी गावाहून येणाऱ्या एसटीत डबा द्यायला लागली: शेंगदाणा-गुळाचे आणि हाळिवाचे लाडू, तिळाची चटणी. घरी अंडं चालत नव्हतं, तो विषय मी रेटला नाही.

झोपेवर सगळ्यात जास्त वाद झाला. या वयाला ८ ते १० तास झोप लागते, आणि किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, लवकर झोप येतच नाही. त्यात साडेसहाचा क्लास. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये आणि क्लास फार पहाटे किंवा फार उशिरा ठेवू नयेत असं म्हटलं आहे. साडेसहाचा क्लास मात्र साडेसहालाच भरतो. म्हणून दुसऱ्या टोकाकडून कापलं: फिजिक्सचा जादा क्लास बंद. वडिलांना हे पचवायला आठवडा लागला. पैसे भरून झाले होते. शेवटी सरांनीच त्यांना सांगितलं की हिला जादा क्लासची गरज नाही. झोप अकराला, उठणं साडेपाचला, दुपारी वीस मिनिटं डुलकी. साडेसहा-सात तास झाले. आठ झाले नाहीत, आणि या वर्षी होतील असं मला दिसत नाही.

पुढे काय झालं

सरळ रेषेत काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात बद्धकोष्ठ झालं, शौचाला काळं झालं, ती घाबरली आणि कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. लोहाच्या गोळ्या सुटतात त्या बहुतेक इथेच. काळा रंग अपेक्षित असतो, त्याला घाबरायचं नसतं, हे पहिल्याच दिवशी तिला कागदावर लिहून दिलं होतं. पण रात्री खोलीवर तो कागद पुरला नाही. डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड केली, मी पाणी आणि पालेभाजी वाढवली. पाण्यासाठी सरांनी मधली सुट्टी मुलींना पाच मिनिटं आधी सोडायला सुरुवात केली.

पेन्सिलींची ओढ हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच गेली, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. आता त्या वासानंच नको वाटतं म्हणाली. महिन्यानं हिमोग्लोबिन १०.२ झालं, तीन महिन्यांनी १२.३. केस गळणं कमी झालं, आणि आईसाठी तोच खरा निकाल होता. वजन ४६.

नीटची परीक्षा दुपारी २ ते ५ असते, मे महिन्यात. केंद्राचं दार दीडलाच बंद होतं, म्हणजे जेवण साडेअकराच्या आत. म्हणून दिवाळीनंतर रविवारच्या सरावाचा सगळा दिवस तसाच बसवला: साडेअकराला भाकरी किंवा पोळी, उसळ, ताक, भात कमी, दीडला दोन खजूर आणि पाणी. डिसेंबरच्या अखेरच्या टेस्टमध्ये तिनं पेपर पुन्हा जुन्या क्रमानं सोडवला, बायोलॉजी आधी आणि फिजिक्स शेवटी. बायोलॉजी ३२६, केमिस्ट्री १३२, फिजिक्स १२४. एकूण ५८२.

हे सगळं लोहानं झालं असं मी म्हणणार नाही. झोप वाढली, जादा क्लासचा ताण गेला, समुपदेशक ताईंशी ती दर पंधरवड्याला बोलत होती, अभ्यासक्रमाची उजळणी सुरू झाली होती. यांतलं काय किती, हे एका मुलीवरून वेगळं काढता येत नाही. शेवटच्या तासातल्या त्या विशिष्ट चुका मात्र, एककांच्या आणि ‘अयोग्य विधाना’च्या, तिच्याच नोंदीप्रमाणे निम्म्यावर आल्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांना आठवड्याला लोहाची एक निळी गोळी द्यायची योजना आहे. पण क्लासला येणारी मुलं कॉलेजात नावापुरती असतात. गोळी वाटली जाते तेव्हा ती तिथे नसतात. ज्या वयात आणि ज्या ताणात सगळ्यात जास्त गरज, नेमकी तेव्हाच ही मुलं योजनेच्या बाहेर पडतात. मुलीच्या क्लासकडे आम्ही एक मागणी ठेवली आहे: प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट फोटो आणि मार्कमेमोसोबत हिमोग्लोबिनचा अहवाल घ्या, आणि बॅच उतरवायच्या आधी तो पुन्हा करून बघा. सरांनी आपल्या बॅचपुरतं हे सुरू केलंय. व्यवस्थापनाचं उत्तर यायचं आहे.

आईचं ते वाक्य, “आपल्यात असंच”, आमच्या डॉक्टरांनी वहीत लिहून ठेवलं होतं. जानेवारीत आईला आणि धाकट्या बहिणीला बोलावलं. आईचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं, त्या अवस्थेत तिनं ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी केली होती. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, उपचार सुरू आहेत. बहीण सातवीत आहे, तिचं १०.१. शाळेत निळी गोळी मिळते, पण उपाशीपोटी मळमळतं म्हणून ती दप्तरात टाकून ठेवायची. आता शाळेतली खिचडी झाल्यावर वर्गशिक्षिका बाई समोर उभं करून गोळी घ्यायला लावतात. मोठीची फेरिटिनची पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. साठा अजून १९ वरच आहे, त्यामुळे परीक्षा होईपर्यंत तिच्या गोळ्या चालू राहतील.